पाहुण्याला दाखवावयाचे हैदराबाद
(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



हैदराबादेतील मराठी घरात नांदेडहून, लातूरहून किंवा पुण्याहून पाहुणा उतरला की दुसऱ्या दिवसाच्या भटकंतीची यादी जणू तयारच असते. सकाळी बिर्ला मंदिर, दुपारी सालारजंग, सायंकाळी हुसेनसागरातील बुद्धमूर्ती. दुसऱ्या दिवशी फिल्म सिटी, आणि परतीच्या दिवशी घाईघाईने चारमिनारचे ओझरते दर्शन व पत्थरगट्टीतील मोत्यांची खरेदी. यजमान बहुधा रिक्षातून उतरतही नाहीत. पाहुणा छायाचित्रे घेऊन परत जातो आणि गावी जाऊन सांगतो की हैदराबाद पाहिले. या यादीतील एकही स्थळ वाईट नाही. मात्र ही यादी ज्या घरांतून निघते त्या घरांनी शतकाहून अधिक काळ ज्या नगरात वास्तव्य केले, त्या नगराचा यादीत कोठेही मागमूस नसतो. पाहुण्याला काय दाखवावे हा प्रश्न वरवर पाहता आतिथ्याचा आहे. वस्तुतः यजमानाला स्वतःचे नगर किती ठाऊक आहे, याचीच ती परीक्षा असते.

प्रारंभ चिक्कडपल्लीपासूनच करावा. मुशीराबाद आणि नारायणगुडा यांच्यामधली ही वस्ती प्रवासी पुस्तिकांत सापडत नाही. परंतु येथील नगर केंद्रीय ग्रंथालयाच्या आवारात सकाळी एकदा पाहुण्याला न्यावे. तेलंगणाच्या खेड्यापाड्यांतून आलेली शेकडो मुले-मुली, डब्यांच्या पिशव्या शेजारी ठेवून, जागा मिळेल तेथे, प्रसंगी झाडाखालीही, स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन बसलेली दिसतात. ग्रंथालये ओस पडली अशी खंत मराठी सभासंमेलनांतून वारंवार ऐकू येते. त्या खंतीला हे दृश्य उत्तर आहे, असे म्हणता येणार नाही, कारण येथे कादंबरी वाचणारा विरळा. तरीही पोटासाठी का होईना, ग्रंथालयाची पायरी चढणारी ही पिढी पाहण्याजोगी आहे.

जवळच त्यागराय गानसभा आहे. तेथील पाटीवरचे नाव मराठी प्रवाशाने क्षणभर थांबून वाचावे. संत त्यागराज तेलुगूत गायिले, परंतु त्यांचे आयुष्य गेले कावेरीकाठी, तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात. सरफोजी राजांचे दरबारचे निमंत्रण त्यांनी नाकारले, अशी परंपरा सांगते. त्याच सरफोजींनी सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह वाढवला आणि नावारूपास आणला. मराठी राजा, तेलुगू वाग्गेयकार आणि तमिळ भूमी यांचे हे नाते हैदराबादच्या एका गल्लीतील सभागृहाच्या नावात जपले गेले आहे.

२०२० पासून चिक्कडपल्लीला मेट्रोचे स्थानक आहे. तेथून गाडीत बसले की मध्ये नारायणगुडा आणि त्यानंतर लगेच सुलतान बाजार. ज्या अंतरासाठी पूर्वी बडी चौडीच्या गर्दीतून घामाघूम व्हावे लागे, ते आता काही मिनिटांत संपते. आणि येथेच पाहुण्याने सर्वांत अधिक वेळ द्यावा.

सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा, हनुमान टेकडी ही नावे हैदराबादच्या मराठी माणसाला घरातील खोल्यांसारखी परिचित. ही वस्ती येथेच का फुलली याचे कारण पाहुण्याला सांगावे, कारण डोळ्यांना ते दिसत नाही. कोठीच्या ब्रिटिश रेसिडेन्सीभोवतीचा हा बाजार निजामाच्या राजधानीत असूनही दीर्घकाळ ब्रिटिशांच्या अखत्यारीत होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत गेला. निजामी राज्यात सभा-संमेलनांवर, शाळांवर, वृत्तपत्रांवर नाना निर्बंध असत. साध्या व्याख्यानालाही परवानगी मागावी लागे. रेसिडेन्सीच्या हद्दीत तुलनेने मोकळा श्वास घेता येई. म्हणून वाचनालये, शाळा, आर्यसमाजाचे कार्य आणि वकिलांच्या बैठका या अर्ध्या-पाऊण मैलाच्या परिसरात एकवटल्या. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विवेकवर्धिनी, १९२२ चे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुढे मराठी साहित्य परिषद, ही सारी याच भूमीतील पिके. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली १९३१ चे मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. परकीय सत्तेच्या छायेत देशी भाषांना आसरा मिळावा हा इतिहासाचा विनोद खरा. पण घडले तसे.

मराठी संस्था दाखवून यजमानाने थांबू नये. याच परिसरात श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम् आहे. हे तेलुगू ग्रंथालय १९०१ मध्ये स्थापन झाले, म्हणजे मराठी ग्रंथसंग्रहालयाचे हे वडीलबंधू. त्याच्या संस्थापकांत कोमर्राजू लक्ष्मणराव होते. त्यांचे शिक्षण नागपुरात झाले. ते मराठीत लिहीत, मराठी नियतकालिकांतून त्यांचे लेख प्रसिद्ध होत, आणि तेलुगू वाचकांसाठी त्यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. तेलुगू विश्वकोशाचा पाया घालणारा हा विद्वान मराठी ज्ञानपरंपरेच्या अंगणात वाढला, ही गोष्ट सुलतान बाजारात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कित्येक मराठी घरांना ठाऊक नसते. शेजारच्या ग्रंथालयाचा जिना चढण्यास परवानगी लागत नाही. तो चढला मात्र जात नाही.

रेसिडेन्सीची मूळ वास्तू तेथून हाकेच्या अंतरावर. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाच्या काळात १८०३ च्या सुमारास तिचे काम सुरू झाले. उंच स्तंभांची ओळ, दारात बसलेले दोन सिंह आणि आतील भव्य गोल जिना पाहून पाहुणा स्तिमित होतो. कर्कपॅट्रिकने खैरुन्निसा या हैदराबादी उमराव घराण्यातील मुलीशी विवाह केला होता. ती पडद्यात राहणारी. मुख्य वास्तू तिला समोरून पाहता येईना, म्हणून तिच्या बागेत त्याने त्या वास्तूची छोटी प्रतिकृती उभारून दिली, असे सांगतात. १८५७ च्या जुलैत तुर्रेबाझखान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. स्वातंत्र्योत्तर काळात येथे महिला महाविद्यालय आले आणि २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. छत गळणारी, तडे गेलेली ही इमारत अलीकडच्या वर्षांत दुरुस्त झाली आहे. जुन्या वास्तूंना पाहणारे डोळे लागतात. कोणी पाहावयास येईनासे झाले की मोडकळीला आरंभ होतो. सुलतान बाजारातील जुन्या वाड्यांची आणि चौकाचौकांतील इराणी हॉटेलांची गत याचीच साक्ष देते.

आता नदी ओलांडावी. ही सूचना वाटते तितकी सोपी नाही, आणि येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

मुसीच्या उत्तरेला राहणारी अनेक मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे नया पुलाच्या पलीकडे जात नाहीत. गेलीच तर मोती किंवा बांगड्या घेऊन दिवसाउजेडी परततात. त्याला कारण आहे. रझाकारांच्या काळातील भय हे कल्पित नव्हते. मराठवाड्यातून जीव मुठीत धरून निघालेली माणसे, लुटलेली गावे, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला संपलेला तो अंधार यांच्या कथा घराघरांतून सांगितल्या गेल्या आणि त्या सांगितल्या गेल्या पाहिजेत. परंतु पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत निरपराध मुसलमानांवर जे ओढवले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. ती नोंदही त्याच इतिहासाचे पान होय. नदीच्या दोन्ही तीरांवर भीतीचे वारसे आहेत. त्यात हैदराबादचा सव्वाचारशे वर्षांहून मोठा इतिहास एका वर्षाच्या चिमटीत पकडण्याची सवय लागली. १९४८ हे या शहराचे एक प्रकरण आहे, संपूर्ण ग्रंथ नव्हे. पाहुण्याच्या निमित्ताने यजमानाने उरलेली प्रकरणे चाळावीत, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

पूल ओलांडण्यापूर्वी उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेचे झाड पाहावे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या प्रलयंकारी पुरात या झाडाच्या फांद्या धरून दीडशेहून अधिक माणसे वाचली, असे सांगतात. उर्दू रुबाईंचे कवी अमजद हैदराबादी त्या पुरातून वाचले, पण त्यांच्या डोळ्यांदेखत आई, पत्नी आणि मुलगी वाहून गेली. या पुरानंतर विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय निर्माण झाले. आजची मुसी पाहून नाकाला रुमाल लावणाऱ्या पाहुण्याला तिचा हा रुद्रावतार सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. नदीकाठच्याच सिटी कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकले, हेही सांगावे; मराठवाड्याच्या पाहुण्याचे पाऊल तेथे आपोआप थबकेल.

सालारजंग संग्रहालयाविषयी थोडक्यात. बुरखाधारी रिबेकाचा संगमरवरी पुतळा आणि तासाला टोले देणारा घड्याळातील बुटका, यांच्याभोवतीची गर्दी पाहण्यातच बहुतेकांचा वेळ जातो. इटालियन शिल्पकार बेन्झोनीने दगडातून झिरझिरीत वस्त्राचा जो भास निर्माण केला तो विलक्षणच. तथापि ग्रंथप्रेमी पाहुण्याने हस्तलिखितांकडे वळावे. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, हे यजमान हमखास विसरतात.

चारमिनार १५९१ चा. मुहम्मद कुली कुतुबशहाने नवे नगर वसवले, त्याचा तो मध्यबिंदू. वर चढण्याचा जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे. गुडघे साथ देत असतील तर चढावे, कारण चार दिशांना जाणारे चार रस्ते आणि त्यांवर आखलेले नगर तेथूनच कळते. खाली लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांचे काम चालते: तापवलेली लाख वळवून तीत खडे बसवण्याची कारागिरी समोर बसून पाहता येते. विकत घेण्याच्या घाईत ती पाहावयाची राहून जाते. मक्का मशिदीचे बांधकाम कुतुबशाहीत सुरू झाले आणि कुतुबशाही बुडवणाऱ्या औरंगजेबाच्या काळात १६९४ मध्ये संपले. पत्थरगट्टीजवळच्या बादशाही आशुरखान्यात मात्र फारसे कोणी जात नाही. त्याच्या भिंतींवरील रंगीत कौलकाम चारशे वर्षांनंतरही तळपते. खालच्या भागातील कौले पुरात गेली, तेथे नुसता रंग देऊन डागडुजी झाली. मूळ कोठे संपते आणि डागडुजी कोठे सुरू होते हे डोळ्यांना लगेच कळते. मराठवाड्यातील ज्या गावांत मोहरमचे पंजे आणि डोले हिंदू घरांतूनही उचलले जात, तेथील वृद्ध पाहुण्याला या वास्तूचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आणखी पुढे शाहअलीबंड्याकडे, हरीबावलीत अक्कन्ना-मादन्नांचे महाकालीचे मंदिर आहे. मराठी प्रवाशाने चारमिनारइतक्याच अगत्याने तेथे जावे. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरास आले, ते अबुल हसन कुतुबशहाच्या, म्हणजे तानाशहाच्या भेटीसाठी. या भेटीमागे होते मादन्ना पंडित, कुतुबशाहीचे मुख्य कारभारी, आणि त्यांचे बंधू अक्कन्ना. मराठ्यांचे वकील प्रल्हाद निराजी येथे होते. भेटीच्या वेळी शहर कसे शृंगारले होते, नगरजन कसे लोटले होते, याचे वर्णन सभासदाने केले आहे. दोन सत्तांमध्ये तह झाला, मोहिमेला द्रव्य आणि तोफखाना यांचे साहाय्य ठरले. ज्या दाद महालात ही भेट झाली तो महाल आज शिल्लक नाही. अक्कन्ना-मादन्नांचा १६८६ मध्ये खून झाला आणि पुढच्याच वर्षी गोवळकोंडा पडला. महाराजांच्या चरित्रावर अस्खलित व्याख्यान देणारे हैदराबादेत पुष्कळ आहेत. हरीबावलीचा रस्ता ठाऊक असणारे किती, हे पाहुण्यानेच विचारून पाहावे. बोनालूच्या दिवसांत गेले तर डोक्यावर सजवलेले घट घेतलेल्या स्त्रियांची रीघ लागलेली दिसते.

गोवळकोंड्याच्या फत्ते दरवाजात वाजवलेली टाळी वर बालाहिसारला ऐकू येते, हा चमत्कार वाटाडे दाखवतातच. त्याला दाद देऊन पाहुण्याने रामदासाच्या कोठडीपाशी थांबावे. हा रामदास समर्थ नव्हे, तर भद्राचलमचा कंचर्ला गोपन्ना, अक्कन्ना-मादन्नांचा भाचा. सरकारी वसुलाच्या पैशातून त्याने रामाचे मंदिर बांधले आणि तानाशहाने त्याला कैदेत टाकले. कोठडीच्या भिंतीत त्याने कोरलेल्या मूर्ती दाखवतात. पुढे राम-लक्ष्मणांनी मनुष्यरूपाने येऊन तानाशहाची बाकी फेडली आणि गोपन्ना सुटला, अशी कथा आहे. ही कथा मराठी माणसाला नवी वाटणार नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे लोकांसाठी खुली केली आणि विठोबाने विठू महार होऊन बिदरच्या बादशहाकडे रक्कम भरली, ही तीच कथा. दोन भाषा, दोन दैवते, दोन सुलतान. पण राजाच्या हिशेबापुढे देव स्वतः उभा राहून पावती घेतो, ही कल्पना दख्खनच्या लोकमनाने दोन्हीकडे सारखीच घडवली. भेदही लक्षात घ्यावा. गोपन्नाने देवळासाठी पैसा खर्चला, दामाजींनी भुकेल्यांसाठी धान्य दिले. यांतील थोर कोण याचा निवाडा पाहुणा आणि यजमान यांनी किल्ला उतरताना खुशाल करावा. चढउतार जाणवणार नाही. कुतुबशाही मकबऱ्यांचे जीर्णोद्धाराचे मोठे काम २०१३ पासून झाले आहे. किल्ल्याहून ते जवळच असल्याने त्याच दिवशी पाहून होतात.

निजाम आणि मराठे यांच्या इतिहासाचे एक विस्मृत चिन्ह मलकपेठेच्या बाजूस टेकडीवर आहे. मुसारामबाग हे नाव ऐकून कोणा मुसारामाची बाग असावी असे वाटते. वास्तविक हा मुसाराम म्हणजे मस्यू रेमाँ, निजामाचा फ्रेंच सेनानी. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत तो मराठ्यांविरुद्ध लढला, पराभव पाहिला, आणि १७९८ मध्ये मरण पावला. हिंदूंनी त्याला मुसाराम केले, मुसलमानांनी मुसा रहीम. शत्रुपक्षाच्या सेनापतीचे नाव असे घरगुती करून घेणारे शहर विरळाच. त्या काळी पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी होते.

खाण्याविषयी बोलले नाही तर हैदराबादचे व्याख्यान अपुरे राहील. बिर्याणीची शिफारस कोणी करावी लागत नाही. शाकाहारी पाहुण्याला बगारा बैंगन खाऊ घालावे. शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चिंच यांच्या वाटणातील ही वांगी खाताना मराठवाड्याच्या पाहुण्याला आईच्या हातची भरली वांगी आठवतील. चहा इराणी आणि त्याबरोबर उस्मानिया बिस्किट. हे मात्र उभ्याउभ्या घेऊ नये. टेबलाशी बसून शेजारच्यांचे बोलणे ऐकावे. ‘नक्को’ हा शब्द कानावर पडेल, तो मराठी ‘नको’च. ‘ऐसाच’, ‘वैसाच’ यांतील ‘च’ हा निश्चयवाचक मराठीचाच आहे. लखनौ-दिल्लीचे उर्दू पंडित ज्या बोलीला हसत आले त्या दखनीच्या हाडामांसात मराठी मुरलेली आहे. हैदराबादच्या मराठीतही उर्दू शब्दांचा भरणा असल्याने पुण्याचा पाहुणा यजमानाच्या बोलण्यावर स्मित करतो. त्याला त्या हॉटेलात अर्धा तास बसवले की हिशेब पुरा होतो.

ऋतूचा विचार करावयाचा तर जानेवारीत यावे. १९३८ पासून भरत आलेले नामपल्लीचे औद्योगिक प्रदर्शन, हैदराबादकरांची ‘नुमाइश’, तेव्हा चालू असते. काश्मिरी शालींपासून लोणच्यांपर्यंत सर्व एका मैदानात.

एक स्थळ कोणत्याही यादीत नाही. बेगमपेठेत स्वामी रामानंद तीर्थांची समाधी आहे. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक असलेला हा संन्यासी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा नेता झाला, आणि १९७२ मध्ये याच शहरात त्याने देह ठेवला. संस्थानाचे भाषेनुसार तीन भाग व्हावेत असा आग्रह धरणाऱ्यांत ते होते. ते भाग १९५६ मध्ये झाले आणि हैदराबादचा मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर राहिला. त्यांचे शिष्य पी. व्ही. नरसिंह राव यांनी हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. विमानतळ बेगमपेठेत होता तोवर, म्हणजे २००८ पर्यंत, पाहुणे त्या रस्त्याने तरी जात. आता तेथे मुद्दाम जावे लागते. आवार शांत आहे, सावली आहे, आणि सकाळच्या वेळी बहुधा कोणीही नसते.